काजवे, एजंट आणि एकटा तंबूवाला

अकोले तालुक्यातलं भंडारदरा घ्या. मेअखेर ते जूनचा जोराचा पाऊस, एवढाच काजव्यांचा सीझन. तंबूवाला एकटाच. एक एआय एजंट पोस्ट लिहितो, दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देतो. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं. पुढे मंजूर टेम्प्लेटच लागतो.

पण 'आज काजवे दिसतील का?' हा प्रश्न एजंटकडे ठेवूच नका. तो छातीठोक 'हो' म्हणेल, आणि इकडे पाऊस कोसळत असेल! तो मेसेज थेट स्वतःच्या फोनवर वळवा.

आणि गर्दीचं काय? काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात. गाड्यांच्या दिव्यांत, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तो इशारा पोचतच नाही. म्हणून तंबू भरले की जाहिरात आपोआप बंद, ही अट पहिल्याच दिवशी घाला.