हिवाळ्यासाठी ऊनपेटी
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण, थोडे आटोपशीर करून)



भाद्रपदात घाम पुसत बसलेल्या लोकांना मी थंडीबद्दल सांगणार आहे, कारण ही पेटी दिवाळीपर्यंत तयार व्हायला हवी. पौषात सुतार शोधायला निघालो, तर पेटी होईपर्यंत थंडी संपलेली असते.

ग्वाल्हेरच्या लष्करातले आपले जुने वाडे उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेले आहेत. भिंती जाड, खिडक्या लहान. जानेवारीत त्याचाच त्रास होतो. दुपारी अंगणात छान ऊन असतं आणि आतल्या खोलीत पाय गारठतात. ज्यांना जिना उतरवतो ते खाली खुर्ची टाकून बसतात. ज्यांना उतरवत नाही, त्यांच्या पलंगाजवळ कोळशाची शेगडी ठेवतात आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लावून घेतात. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. माडीवरच्या त्या माणसापर्यंत शेगडीशिवाय ऊब कशी पोचवायची, एवढाच आजचा विषय.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स यांनी १८८१ साली उन्हावर हवा तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे फ्रान्सचे फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने काचेआडची काळी भिंत प्रसिद्ध झाली. आज ती लडाखमधल्या घरांतही दिसते. पण त्या पद्धतीत भिंतीला खाली-वर भोकं लागतात. दोन फुटी दगडी भिंत कोण फोडणार? म्हणून आपण खिडकी वापरायची.

दक्षिणेकडची, खाली गच्ची किंवा रुंद सज्जा असलेली खिडकी निवडा. खिडकीच्या रुंदीची, साधारण एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पेटी करा. तिचं तोंड खिडकीत, तळ खाली गच्चीवर, अशी ती तिरकी टेकवायची. वर काच. आत मध्ये काळा पत्रा, आणि पत्र्याच्या पाठीला ग्लासवूल. या पडद्याने पेटीचे दोन मजले होतात, प्रत्येक सुमारे दहा सेंटिमीटर खोल. तळाशी मात्र पडदा दहा सेंटिमीटर तोकडा ठेवायचा. खोलीतली गार हवा मागच्या मजल्याने खाली उतरते, तळाशी वळते, काचेखालून तापत वर चढते आणि खोलीत येते. आमच्या सुताराने विचारलं, "साहेब, पंखा कुठं?" पंखा नाही. गरम हवा हलकी होते, तेवढं पुरतं.

रात्रीची गंमत याहून मोठी आहे. पेटी खिडकीच्या खाली असल्यामुळे गार हवा जड होऊन तिच्यातच साचून राहते, उलटी खोलीत चढत नाही. भिंतीतल्या भोकांना रात्री झडप लागते, हिला लागत नाही. तरी संध्याकाळी खिडकीचं दार लावावंच.

गणपतीच्या मखराचा थर्माकोल माळ्यावर पडलेला असतो. तो यात घालू नका. हवा अडली की आतलं तापमान इतकं चढतं की तो आकसतो, वितळतो. काळा रंग चकाकी नसलेला घ्या आणि पेटी खिडकीला जोडण्याआधी आठवडाभर उन्हात तापवा, म्हणजे रंगाचा वास खोलीत येणार नाही. फटी बंद करा. काचेवर जाड तारेची जाळी लावा, कारण ग्वाल्हेरचे वानर आपल्यापेक्षा जास्त उत्सुक असतात.

आता मिळतं किती? दोन चौरस मीटरच्या पेटीतून भर दुपारी पाचसहाशे वॉट, म्हणजे दोन हजार वॉटच्या हीटरचा चौथा हिस्सा. स्वच्छ दिवशी दोन-तीन युनिट इतकी ऊब. एका लहान खोलीला ती जाणवते, दिवाणखान्याला नाही. येणारी हवा हाताला चटका देईल असं समजू नका. फार गरम आणि संथ हवा येत असेल, तर वाट कुठेतरी अरुंद झाली आहे आणि ऊब काचेतून बाहेर जाते आहे. कोमट पण भरपूर हवा चांगली.

दाट धुक्याच्या दिवशी पेटी काही देणार नाही. त्या दिवशी विजेचा हीटर लावा, बिल येऊ द्या. शेगडी नाही.

ग्वाल्हेरला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो, म्हणून पेटीला जमिनीशी पन्नासेक अंशांचा उतार द्या. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर जातो. तेव्हा तिरक्या काचेवरही ऊन येतंच. होळी झाली की पेटी काढून ठेवा. जागा नसेल तर वर पांढरी चादर बांधा आणि खिडकीचं दार बंद करा.

ज्यांना करायची असेल त्यांनी खिडकीची रुंदी आणि खालच्या गच्चीपर्यंतची उंची मोजून आणावी. आरतीनंतर मी इथेच आहे.