दारीं आलेलें गिऱ्हाईक

वसईच्या जुन्या आळींत सुतार हवा असला म्हणजे फार शोधावें लागत नसे. शेजारच्या वाडींत विचारलें कीं उत्तर येई, "अमक्याकडे जा, माणूस जरा बोलका आहे, पण काम चोख." या एवढ्याशा वाक्यांत त्याचा धंदा, त्याचें ठिकाण आणि त्याची पत हीं तिन्ही येऊन जात. आज परिस्थिति निराळी आहे. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं गांवें मिळून २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंतच शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली होती. मुंबईहून विरारच्या उंच इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबाला समोरच्या दाराआड कोण राहतें हेंहि ठाऊक नसतें. त्याच्या न्हाणीघरांतून खालच्या घरांत पाणी झिरपूं लागलें, तर त्यानें विचारावें कोणाला? तें फोन उघडतें. शेजाऱ्याचें तें वाक्य आतां कारागिराच्या संकेतस्थळानें बोलावयाचें असतें. आणि श्रोतेहो, बहुतेक संकेतस्थळें नेमकें तेंच बोलत नाहींत.

मी शाळेंतून निवृत्त झाल्यापासून माझे जुने विद्यार्थी आपापल्या धंद्याच्या संकेतस्थळाचा मजकूर "सर, जरा शुद्धलेखन पाहा" म्हणून मजकडे आणतात. कोणाचा शिकवणीचा क्लास, कोणाचें केटरिंग, कोणी आयकराचीं विवरणपत्रें भरून देतो. शुद्धलेखन बहुधा ठीकच असतें. अडतें तें दुसरीकडे. एकाचा धंदा गच्च्यांचें आणि न्हाणीघरांचें वॉटरप्रूफिंग करण्याचा. त्याच्या मजकुराचा आरंभ असा होता : "ग्राहकांचें समाधान हेंच आमचें ध्येय. दर्जा, विश्वास व सचोटी यांचा त्रिवेणी संगम." मीं विचारलें, "बाबा रे, यावरून तूं गच्च्या दुरुस्त करतोस कीं पतपेढी चालवितोस, हें ओळखावें कसें?" तो हंसला. मग आम्हीं पहिली ओळ लिहिली ती अशी : "वसईपासून विरारपर्यंत गच्ची व बाथरूमची गळती थांबवून देतों. पाहणी विनामूल्य. फोन सकाळीं ९ ते रात्रीं ८." त्रिवेणी संगम आटला आणि धंदा दिसूं लागला.

ही ओळ अगदीं वर हवी, कारण मनुष्य संकेतस्थळ वाचीत नाहीं, चाळतो. जेकब नील्सन या अभ्यासकानें १९९७ सालीं प्रयोगाअंतीं लिहून ठेविलें कीं, १०० पैकीं ७९ जण नवें पान नुसतें चाळतात. शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे १६. तीं माणसें निदान संगणकासमोर स्वस्थ बसलेलीं होतीं. आपलें गिऱ्हाईक संध्याकाळच्या विरार गाडींत एका हातानें कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें पान सरकवीत असतें. पानांतील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आंत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे. हलतीं चित्रें आणि वाजणारें संगीत यांनीं पान जड करणाऱ्यांनीं ती ध्यानांत घ्यावी. फोनचा आंकडाहि चित्रांत कोरूं नये. बोट लावतांच फोन लागेल असा तो असावा, आणि पान कितीहि सरकविलें तरी नजरेआड होऊं नये.

खरा वाद होतो तो दराविषयीं. "सर, दर लिहिला तर गिऱ्हाईक पळेल," असें जो तो म्हणतो. माझें मत उलट आहे. दर न लिहिल्यानें तें अधिक लवकर पळतें, कारण आपण फसविले जाऊं ही धास्ती त्याच्या मनांत आधींपासून असतेच. नक्की आंकडा पाहणीशिवाय सांगतां येत नाहीं हें खरें. परंतु तो कशानें बदलतो हें तर सांगतां येतें : गच्ची किती चौरस फूट, जुना कोबा फोडावयाचा कीं वरूनच लेप द्यावयाचा, निघालेलें डेब्रिज कोणीं उचलावयाचें, हमी किती वर्षांची आणि ती कागदावर मिळणार कीं तोंडी. एवढें लिहून चौरस फुटामागें अमुकपासून अमुकपर्यंत असें म्हटलें, कीं वाचणाऱ्याला आपल्या घराचा अदमास येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीति वाटे. ती शंका फिटल्यावांचून नांगर खपणें शक्य नव्हतें. गिऱ्हाईकाची शंका ओळखून तिला पानावरच उत्तर देणें, हें संकेतस्थळाचें निम्मे काम होय.

छायाचित्रें आपल्याच कामाचीं असावींत. पिवळें शिरस्त्राण घातलेला परदेशी गोरा पाहून नालासोपाऱ्याच्या गृहिणीला कसला भरंवसा वाटणार? त्यापेक्षां ओल आलेल्या भिंतीचें आणि त्याच भिंतीचें पुढल्या पावसाळ्यानंतरचें चित्र शेजारीं शेजारीं ठेवावें. अभिप्रायहि खरेच हवेत, आणि ज्याचा त्याला विचारून छापलेले. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आळा घातला आहे, आणि ऑनलाईन अभिप्रायांसाठीं भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं स्वतंत्र मानक काढलें आहे. चवकशीच्या तक्त्यांत नांव, फोन आणि विभाग एवढेंच विचारावें. जन्मतारीख कशाला?

इतकी खटपट करण्याचें कारण असें कीं, स्वतःचें पान नसलेल्या कारागिराला काम मिळतें तें मध्यस्थांच्या ॲपमधून. तेथें दलाली तर जातेच. शिवाय काम चांगलें झालें तरी गिऱ्हाईकाच्या लक्षांत राहतें ॲपचें नांव, याचें नव्हे. दहा वर्षें राबूनहि पुढल्या वर्षीं त्याला कोणीं शोधावें?

आणखी एक गोष्ट संकेतस्थळाबाहेरची. ९ ते ८ असें लिहिलें, तर त्या वेळांत फोन उचलणारें कोणीतरी पाहिजे. शिडीवर चढलेल्या माणसाला तें साधत नाहीं. घरांतील कोणीं वहींत नांव, इमारत, मजला टिपून ठेवावा आणि संध्याकाळीं त्यानें उलट फोन करावा. जूनच्या पहिल्या सरींबरोबर फोन एकामागून एक येऊं लागतात, आणि ओल्या गच्चीवर तर काम होत नाहीं. तेव्हां त्या दिवसांत पानाच्या माथ्यावर सरळ लिहावें : "सध्यां पाहणी करून तात्पुरता उपाय सांगूं; पक्कें काम पावसाळ्यानंतर."