तंगी, हल्ली आणि पाल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भाषेविषयी काही बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मल्लेश्वरमात राहणाऱ्या मराठी माणसाला त्यासाठी ग्रंथालय गाठण्याचे कारण नाही. आठव्या क्रॉसच्या बाजारातून कान उघडे ठेवून एक फेरी मारली, तरी विषय हाती लागतो.

शेजारीण हर्षभराने सांगते, "तंगी बंदिद्दाळे". आणि पुण्याहून नव्याने आलेल्या सूनबाई चिंतेत पडतात की, या सुखवस्तू घरावर कसली तंगी आली! कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण; तमिळमधील 'तंगै' ही तिचीच आप्त. आपली तंगी निघाली ती 'अरुंद' या अर्थाच्या फार्सी 'तंग' शब्दातून. (मौज अशी की, अण्णा आणि अक्का ही वडील भावंडे आपण दाक्षिणात्यांकडून घरात घेतली, धाकटीला मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवले.)

एवढ्यावर हसून विषय सोडून देता आला असता. परंतु मराठी ही कानडीची लेक की नात, की नाते उलटेच आहे, असा वाद आपल्याकडे अधूनमधून उपस्थित होतो आणि सारख्या ध्वनींच्या शब्दांच्या याद्या पुराव्यादाखल पुढे केल्या जातात. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेनंतर तर अशा याद्यांना निव्वळ विद्वत्तेचे स्वरूप उरले नाही. वास्तविक कॉल्डवेलने १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले, त्याला किती काळ लोटला! मराठी आर्यकुळातील, कानडी द्राविडी कुळातील. शतकानुशतकांच्या शेजाराने देवघेव पुष्कळ झाली; पण देवघेव कोणती आणि योगायोग कोणता, हे कानाने ठरत नाही.

मग कशाने ठरते? शब्दाच्या जुन्या रूपाने आणि त्याच्या भावकीने. कानडीत दुधाला 'हालु' म्हणतात. आपण 'हाल झाले' म्हणतो, तो हाल अरबी. मूळ अर्थ नुसती स्थिती. कानडी हालु हा जुन्या कानडीतील 'पाल्'. तमिळमध्ये आजही दूध म्हणजे पाल्. साधारण दहाव्या शतकापासून कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला. तमिळांचे दहा 'पत्तु', कानडिगांचे 'हत्तु'. हा नियम ध्यानात आला की पुष्कळ कुलुपे उघडतात.

उदाहरणार्थ 'हल्ली'. आपली हल्ली त्याच अरबी हालाची संतती. चालू स्थितीत, म्हणून सांप्रत. कानडीत हल्ली म्हणजे भिंतीवरची पाल. ध्वनी तोच, संबंध शून्य. पण 'ह'च्या जागी 'प' घालून पाहा: पल्ली! पंचांगातील पल्लीपतनाचे फल ज्यांनी वाचले असेल, त्यांना ही पल्ली परिचित आहे. संस्कृतात ती द्राविडीतून गेली असावी, असे अनेक विद्वान मानतात. तिच्यापासूनच आपली 'पाल' झाली. म्हणजे मराठी हल्ली आणि कानडी हल्ली एकमेकींच्या कोणी नव्हेत. आणि जिच्याशी रूप मुळीच जुळत नाही, ती पाल मात्र कानडी हल्लीच्या भावकीतली.

ऑस्ट्रेलियातील म्बाबरम या आदिवासी भाषेत कुत्र्याला अगदी इंग्रजांप्रमाणे 'डॉग' म्हणत. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने त्याचे मूळ रूप 'गुडागा' असल्याचे दाखवले आणि इंग्रजीशी असलेले दिसते नाते तिथेच संपले.

आता आपल्या वस्तीकडे परत येऊ. १८९८ च्या प्लेगनंतर भरभराटलेल्या या वस्तीला ज्याचे नाव लाभले, त्या काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाला शिवछत्रपतींचे सापत्न बंधू एकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले. त्याचा १६६९ चा शिलालेख कानडीत आहे. दाता मराठा, लेख कानडी! यातील 'हळ्ळी' म्हणजे खेडे; जुने रूप 'पळ्ळी'. संस्कृतात खेड्यालाही पल्ली असा शब्द आहे, आणि डोंबिवली, कांदिवली यांतील 'वली' त्याच पल्लीची, असे अभ्यासक मानतात. तेव्हा एकोजीराजांनी दिलेल्या गावाचे शेवटचे पद आणि आमच्या डोंबिवलीकर व्याह्यांच्या गावाचे शेवटचे पद, ही भावंडे ठरतात.

मात्र बसवरची इंग्रजी पाटी वाचून 'जालहल्ली' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना एक विनंती आहे. तो 'ळ' तेवढा नीट उच्चारावा. नाहीतर कानडी माणसाच्या कानी गावाची पाल होऊन पडते.