५३७ मतं आणि एक मतपत्रिका

(मंडळाच्या जून २०२४ मधील मासिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. सेक्रेटरींच्या आग्रहावरून थोडा आटोपशीर करून इथे देत आहे.)



यंदा नोव्हेंबरात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. बडोद्यातल्या आपल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे, म्हणून या विषयावर कोणीतरी बोलावं असं ठरलं. मी सेक्रेटरींना आधीच सांगितलं होतं, मी अमेरिका पाहिलेली नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, सरकारी खात्यात रस्त्यांची मापं घेऊन एमबीत लिहिणारा माणूस. पण इलेक्शन ड्यूटी मात्र मी भरपूर केली आहे. लोकसभा, विधानसभा, पंचायत, सगळं झालंय. शाळेच्या बाकांवर झोपलोय, रात्री दोन वाजता मशीन जमा करायच्या रांगेत उभा राहिलोय. तेव्हा मी राजकारणावर बोलणार नाही. ड्यूटीवरच्या माणसाला दिसतं तेवढंच सांगतो. एक निवडणूक, एक राज्य आणि त्यातही मुख्यतः एक कागद. साल २०००, राज्य फ्लोरिडा.

हा विषय निवडायला माझं एक खासगी कारणही आहे. ते शेवटी सांगतो. मागे दोघे-तिघे हसतायत, त्यांना ते कळलेलं दिसतंय.

आधी थोडा हिशेब. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांनी ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, आणि दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. जिंकायला २७० लागतात. २००० साली एका बाजूला रिपब्लिकन जॉर्ज बुश, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट अल गोर. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. तरी सगळं येऊन अडलं फ्लोरिडाच्या २५ निर्वाचकांवर. फ्लोरिडा ज्याचा, खुर्ची त्याची.

मतदान झालं ७ नोव्हेंबरला. त्या रात्री टीव्हीवाल्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना देऊन टाकला. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असतं, तिथलं मतदान संपलंही नव्हतं! मग तो परत घेतला. मध्यरात्रीनंतर बुशना दिला. गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदनही केलं आणि तासाभराने पुन्हा फोन करून ते मागे घेतलं. मधेच व्होल्युशा नावाच्या काउंटीत संगणकाने गोर यांच्या खात्यात उणे १६,०२२ मतं दाखवली. उणे! आमच्या एमबीत एखादा रस्ता उणे लांबीचा निघाला असता, तर ऑडिटवाल्यांनी माझी पेन्शनसुद्धा उणे केली असती. ती चूक त्याच रात्री सापडली, पण तोवर व्हायचा तो गोंधळ झाला होता.

सकाळी फरक उरला १,७८४ मतांचा, आणि एकूण मतं जवळजवळ साठ लाख. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक असल्यामुळे कायद्याप्रमाणे मशीनवर फेरमोजणी झाली आणि फरक ३२७ वर आला. परदेशातून टपालाने आलेली मतं धरल्यावर तो ९३० झाला. शेवटी २६ नोव्हेंबरला अधिकृत आकडा जाहीर झाला : बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७. आपल्याकडच्या एका बूथवर याच्या दुप्पट मतदार असतात.

आता त्या कागदाकडे येतो.

आपल्याकडे निवडणूक आयोग एक, मशीन एका पद्धतीचं, नावांचा क्रम लावायचा नियम एक. तिथे तसं नाही. फ्लोरिडात ६७ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे समजा, आणि मतपत्रिका कशी असावी हे तेव्हा काउंटीचा निवडणूक अधिकारी ठरवायचा. हा अधिकारी स्वतःही निवडून आलेला असतो. हे वाचलं तेव्हा मला चक्करच आली. आमच्या कलेक्टरसाहेबांना असं निवडून यावं लागलं असतं तर आमचा ड्यूटी भत्ता वेळेवर मिळाला असता, एवढा एक फायदा दिसतो.

पाम बीच काउंटीच्या अधिकारी होत्या थेरेसा लेपोर. पक्षाने डेमोक्रॅट, म्हणजे गोर यांच्याच पक्षाच्या. अनेक वर्षं त्याच कार्यालयात नोकरी करून वर आलेल्या. त्यांच्यापुढे अडचण आली ती कोणाही कारकुनासमोर येते तशी : मजकूर जास्त, जागा कमी. फ्लोरिडाने दोन वर्षांपूर्वी छोट्या पक्षांसाठी नियम सैल केले होते, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाला दहा जोड्या उभ्या होत्या. एका पानावर दहा जोड्या बसवायच्या तर अक्षर बारीक करावं लागणार. पाम बीच म्हणजे निवृत्त होऊन राहायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांची वस्ती. त्यांना बारीक अक्षर दिसणार नाही. म्हणून बाईंनी अक्षर मोठं ठेवलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली. मत देण्याची भोकं मात्र मधोमध, एकाच उभ्या ओळीत. पुस्तक उघडल्यासारखी ती पत्रिका, म्हणून लोकांनी तिला फुलपाखरू मतपत्रिका म्हटलं.

डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट बुकॅनन, तिसऱ्या एका पक्षाचे. भोकांचा क्रम मात्र असा : पहिलं बुश, दुसरं बुकॅनन, तिसरं गोर. म्हणजे डावीकडे गोर दुसरे दिसतात म्हणून माणूस दुसऱ्या भोकात टोच्या घालतो आणि मत जातं बुकॅननना. बाण काढलेले होते, नाही असं नाही. पण पंचाहत्तरीची आजी बाण बघेल की क्रम बघेल?

बुकॅननना पाम बीचमध्ये ३,४०० च्या वर मतं पडली. शेजारची ब्रॉवर्ड काउंटी पाम बीचहून मोठी, तिथे ८०० सुद्धा नाहीत. मायामी-डेडमध्ये ६०० च्या आत. पाम बीचमध्ये ज्यू वृद्धांची मोठी वस्ती, गोर यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभे असलेले लिबरमन स्वतः ज्यू, आणि बुकॅनन यांच्याविषयी त्या समाजात राग. तिथे त्यांना एवढी मतं? खुद्द बुकॅनन यांनी टीव्हीवर कबूल केलं की यातली बरीच मतं आपली नसावीत.

शिवाय कित्येकांनी आधी चुकीचं भोक पाडलं, चूक लक्षात आल्यावर बरोबर जागी दुसरं पाडलं. दोन भोकं म्हणजे पत्रिका बाद. अशा १९ हजारांवर पत्रिका एकट्या पाम बीचमध्ये बाद झाल्या, आणि त्यांतल्या ५ हजारांहून जास्त पत्रिकांवर गोर आणि बुकॅनन दोघांना भोक होतं. राज्याचा फरक ५३७ होता हे लक्षात ठेवून हे आकडे ऐका. डूव्हाल काउंटीत नावं दोन पानांवर एकामागोमाग होती आणि नमुना पत्रिकेत सूचना होती की प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी सूचना पाळली. वीस हजारांहून जास्त पत्रिका बाद.

मग ती चॅडची भानगड. भोक पाडल्यावर कागदाची जी टिकली पडते ती चॅड. आपल्या ऑफिसात पंचिंग मशीनने फाइलला भोक पाडलं की पडतात तशा, फक्त त्या चौकोनी. टिकली पूर्ण पडली तर मशीन मत मोजतं. एका कोपऱ्याला लोंबत राहिली तर? नुसता खळगा पडला तर? चार काउंट्यांत हाताने मोजणी सुरू झाली तेव्हा अधिकारी भिंग लावून, पत्रिका दिव्यासमोर धरून बघत बसले. एका ठिकाणी लोंबणारी टिकली चालते, दुसऱ्या ठिकाणी खळगासुद्धा चालतो. पाम बीचच्या मोजणीवाल्यांनी मधे सणाची एक दिवस सुट्टी घेतली आणि शेवटच्या मुदतीला दोनेक तास उशीर झाला. त्यांची मोजणी धरली गेली नाही. मुदत न वाढवणाऱ्या राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या, आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही सगळे शहाणे आहात.

कोर्टाचं थोडक्यात. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबरला राज्यभर हाताने मोजा असं सांगितलं, चार विरुद्ध तीन. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पाच विरुद्ध चार. १२ तारखेला निकाल आला : ठिकठिकाणी मोजण्याचा नियम वेगळा आहे, हे समान न्यायाला धरून नाही, आणि आता वेळही उरला नाही. १३ तारखेला गोर यांनी हार मान्य केली. बुश २७१, गोर २६६.

पुढच्या वर्षी मोठ्या वृत्तसंस्थांनी मिळून बाद झालेल्या पावणेदोन लाख पत्रिका तपासून घेतल्या. निष्कर्ष गमतीचा निघाला. गोर यांनी ज्या चार काउंट्यांत फेरमोजणी मागितली होती, तेवढीच पूर्ण झाली असती तरी बुशच जिंकले असते. आणि राज्यभरच्या सगळ्या बाद पत्रिका नीट पाहिल्या असत्या, तर गोर अगदी थोड्या मतांनी पुढे गेले असते. तसं कोणी मागितलंच नव्हतं.

मला मात्र यातल्या न्यायाधीशांपेक्षा लेपोरबाईच जास्त आठवतात. नमुना पत्रिका आधी छापून आली होती, पक्षांनाही दाखवली होती. कोणी हरकत घेतली नाही. बाईंनी म्हाताऱ्या माणसांची सोय बघितली, आणि चुकलं ते त्यांच्याच बाबतीत. २००४ साली मतदारांनी त्यांना घरी पाठवलं.

२०१७ च्या विधानसभेला मी एका गावात प्रिसायडिंग होतो. एक म्हातारी बटण दाबून, काचेतली चिठ्ठी बघून माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "साहेब, आ तो बीजाने पडी गयो." मशीनची चूक नव्हती, तिचंच बोट चुकलं होतं. मी काही करू शकत नव्हतो. तिला तसं सांगितलं. ती पायरीवर जाऊन बसली, आणि मला दुपारचा डबा गेला नाही.

आता खासगी कारण. दोन वर्षांपूर्वी आपल्या कार्यकारिणीच्या निवडणुकीची मतपत्रिका मी टाइप केली होती. सात जागा, चौदा उमेदवार. एकाच पानात बसावी आणि अक्षर मोठं राहावं म्हणून मी नावं दोन रकान्यांत लावली, आणि टिक करायच्या चौकटी दोन्ही रकान्यांच्या मधे, एकमेकींना चिकटून. नऊ पत्रिका बाद झाल्या. बहुतेक पत्रिकांवर एक टिक दोन चौकटींवर पसरलेली होती. आपले एक ज्येष्ठ सभासद तीन मतांनी पडले. फ्लोरिडाचं हे सगळं मी त्यानंतर शोधून वाचलं. ते काका मला नंतर म्हणाले, "अरे, मला माझीच चौकट सापडायला वेळ लागला." ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. काका, तेव्हा मी तुम्हाला सॉरी म्हटलं नव्हतं, आज सगळ्यांसमोर म्हणतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा निवडणूक आहे. या वेळची पत्रिका मी दोन पानांची केली आहे, नावं एकाखाली एक, चौकट नावाच्या समोर. नमुन्याच्या वीस प्रती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत, शेजारी पेन्सिली आहेत. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनी चहा घेण्याआधी एकेक भरून बघा आणि जिथे अडेल तिथे गोल करून ठेवा. छापायला गुरुवारी द्यायची आहे.