मूल स्वतःला इजा करून घेते तेव्हा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज एका नाजूक विषयावर बोलणे भाग आहे. काही मुले मनातला ताण असह्य झाला की स्वतःच्या अंगाला इजा करून घेतात. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, जखमेबद्दल उडवाउडवीची उत्तरे, एकटे राहणे, ही त्याची चिन्हे असू शकतात. अशा प्रत्येक मुलाला मरायचेच असते असे नव्हे. पण पुढचा धोका वाढतो, म्हणून ते 'नाटक' समजून सोडून देऊ नये.

आपल्या कशेडी, पोलादपूर, महाड भागात कित्येक घरांतले अब्बा आखातात वा मुंबईत असतात. अम्मीवर सारा भार पडतो. जुलै २०२१ च्या महापुराचे आणि दरडींचे भय काही मुलांच्या मनातून अजून गेलेले नसेल. परीक्षेचा धाक वेगळाच. मूल बोलणार कोणाशी?

येथे शाळेचे काम सुरू होते. शिक्षकाने मुलाला बाजूला घ्यावे, शांतपणे ऐकावे, जखमेवर उपचार करवावा. वर्गात वाच्यता करू नये, शिक्षा करू नये, शाळेतून काढण्याची धमकी तर मुळीच देऊ नये. "कोणालाच सांगणार नाही" असे वचनही देऊ नये. मदतीसाठी कोणाला सांगावे लागेल, हे मुलालाच आधी सांगावे. जीव देण्याची भाषा निघाली तर मुलाला क्षणभरही एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. मूल वर्गात परतल्यावर एका विश्वासू शिक्षकाने रोज दोन शब्द विचारावेत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. आपल्या शाळेत ही सोय आहे का, हे पालक सभेत अवश्य विचारा.

घाटातल्या वाडीवर तज्ज्ञ नसेल, पण फोन आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य सुरू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहेच.

पालकहो, "लोक काय म्हणतील?" हा विचार बाजूला ठेवा. जखम दिसली तर आधी रागावू नका, जवळ बसा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचा दोस्त असे काही करत असेल तर मोठ्या माणसाला सांगा. ती चहाडी नव्हे, दोस्ती आहे.