स्वागताध्यक्षीय भाषण : हौशी रेडिओचे खुले भांडार आणि आपला वाटा



स्वागत समितीच्या आणि समस्त पुणेकर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, मंडळींच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. आपल्यातले पुष्कळजण एकमेकांना वर्षानुवर्षे आवाजाने आणि कॉलसाइनने (परवान्याच्या ओळखचिन्हाने) ओळखतात, पण समोरासमोर आज पहिल्यांदा भेटत आहेत. म्हणून चहाच्या सुट्ट्या आम्ही मुद्दाम लांब ठेवल्या आहेत.

हे संमेलन पुण्यात भरते आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून अवकाशात गेला. त्याचे संदेशवहन हॅम बँडवरचे होते. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. आकाशातून येणारी अतिक्षीण लहर कान देऊन ऐकणे या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेले आहे.

यंदा चर्चेसाठी इंटरनेटवरील रेडिओसाधने हा विषय घेतला, तेव्हा काही ज्येष्ठांनी शंका काढली. ज्याला आपल्या तारेने आणि आपल्या रिगने (रेडिओसंचाने) जग गाठायचे आहे, त्याला इंटरनेट कशाला हवे? या शंकेमागचे प्रेम मला समजते, पण मी त्या मताचा नाही. ही साधने जवळून पाहिली की लक्षात येते, त्यातली बहुतेक आपल्यासारख्याच हौशी लोकांनी, पदरमोड करून, सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

नेदरलँड्समधल्या एन्सखेडे शहरात ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे. पीटर-टेर्क दे बूर या हॅमने त्यासाठी वेबएसडीआर हे सॉफ्टवेअर लिहिले. शेकडो माणसे एकाच वेळी इंटरनेटवरून त्यावर येतात आणि प्रत्येकजण आपल्याला हवी ती फ्रिक्वेन्सी ऐकतो. पुण्यातल्या परवानाधारकाने संध्याकाळी २० मीटर बँडवर हाक द्यावी आणि बँड उघडा असेल, तर आपलाच आवाज सुमारे सात हजार किलोमीटरवर कसा पोचतो ते लगेच ऐकावे. अँटेना नीट बसली की नाही, आवाज फाटतो का, हे पूर्वी समोरच्या माणसाच्या रिपोर्टवरूनच कळायचे. शिकाऊ मुलांनी तर परवाना येईपर्यंत रोज तासभर ऐकत बसावे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. दूरच्या रिसीव्हरवर उत्तर ऐकून तो संपर्क आपल्या लॉगमध्ये लिहिणे मला मान्य नाही. संपर्क आपल्याच अँटेनाने व्हायला हवा.

दुसरे साधन डब्ल्यूएसपीआर, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘व्हिस्पर’ म्हणतो ते. जोसेफ टेलर यांचे हे काम. जोड-पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासह १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले हेच टेलर. गोंगाटातून पल्सारचा ठोका शोधणाऱ्या माणसाने तीच नजर आपल्या बँडकडे वळवली. कॉलसाइन, आपला नकाशाचौकोन (पुण्याचा एमके ६८) आणि शक्ती एवढाच मजकूर सुमारे ११० सेकंद सावकाश पाठवायचा. कानाला काहीही ऐकू येत नसताना संगणक तो उलगडतो. टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी, पाव वॅट शक्तीचा संदेश खंड ओलांडतो आणि कुणी कुठे ऐकला ते काही मिनिटांत नकाशावर दिसते. एफटी८ सारख्या डिजिटल पद्धतींसाठी पीएसके रिपोर्टर हेच काम करतो.

आता हा नकाशा उघडून पाहा. युरोप, अमेरिका, जपान ठिपक्यांनी भरलेले असतात. आपल्याकडे ठिपके विरळ. मला ही उणीव मनापासून खुपते, आणि त्या खुपण्याला शास्त्रीय कारण आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे आपल्यावरच्या आयनावरणाचे वागणे, विशेषतः सूर्यास्तानंतरचे, युरोपपेक्षा वेगळे असते. मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले. अमेरिकेतल्या बोल्डरच्या अवकाश हवामान केंद्राचे आकडे आपण सर्वांनी घरबसल्या पाहिले. पण कोकणात ४० मीटर बँडचे काय झाले, विदर्भात काय झाले, हे इथले रिसीव्हर चालू असल्याशिवाय कुणाला कळणार? ते मोजून दुसरा कोणी देणार नाही.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. यूएसबीचा साधा टीव्ही डाँगल रेडिओ रिसीव्हर म्हणून वापरता येतो हे २०१२ मध्ये सर्वांना कळले, तेव्हापासून सुरुवात स्वस्त झाली आहे. सॅटनॉग्स या खुल्या जाळ्यावर तशाच साध्या सामग्रीने जगभरचे हौशी लोक उपग्रहांचे सिग्नल नोंदवून खुले करतात. परवान्याचे अर्ज आता ‘सरल संचार’ पोर्टलवर भरतात, त्याची माहिती बाहेरच्या मेजावर मिळेल.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा: आपत्तीत इंटरनेट हाताशी असेलच असे नाही. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानातून हॅम प्रसारणाला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्यांच्या कॉलसाइनची वाट पाहत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांनी डीएक्स (दूरदूरचे संपर्क) बाजूला ठेवले आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. त्या दिवशी कामी आली ती हातातली रिग आणि बॅटरी. म्हणून इंटरनेटवर आज जे शोधाल ते उतरवून घ्या, छापून शॅकमध्ये, म्हणजे आपल्या रेडिओच्या खोलीत, लावा. पूर आला, टॉवर पडला, की इंटरनेटवरचे ते पान कुणालाही उघडता येणार नाही.

संमेलनाकडून माझ्या दोनच अपेक्षा आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या गावी, विशेषतः किनारपट्टीवर आणि मराठवाडा-विदर्भात, एक रिसीव्हर कायम चालू ठेवून त्याच्या नोंदी जगाला खुल्या कराव्यात. आणि शिक्षक असलेल्या हॅम मंडळींनी परीक्षेचा अभ्यास सोप्या मराठीत लिहून विनामूल्य उपलब्ध करावा. बारा वर्षांच्या मुलालाही परवान्याची परीक्षा देता येते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला ओहमचा नियम आणि अँटेनाची लांबी तिच्या भाषेत समजावणारे पान सहज सापडायला हवे.

बाहेरच्या मेजावर दोन वह्या ठेवल्या आहेत, एक रिसीव्हरसाठी, एक लेखनासाठी. जेवणाला जाण्यापूर्वी त्यांपैकी एकीत तरी आपले कॉलसाइन लिहावे, ही विनंती.