हाडांची नवनिर्मिती आणि अहिंसेचा विवेक



मोडलेले हाड बहुधा स्वतःच सांधते, हा निसर्गाचा मोठाच उपकार होय. परंतु अपघातात हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, अथवा रोगामुळे तो काढावा लागला, तर मोठी पोकळी आपोआप भरून येत नाही. अशा वेळी शल्यविशारद रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून तेथे बसवितात. उपाय खात्रीचा, मात्र जखमा दोन होतात आणि हाडही मर्यादितच मिळते.

१९६५ साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेल्या हाडातही नवे हाड घडविण्याची प्रेरणा असते, हे दाखविले. त्याच सुमारास रशियातील अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांच्या संशोधनातून अस्थिमज्जेतील हाड घडविणाऱ्या मूळपेशींची, म्हणजेच स्टेम सेलची, ओळख पटत गेली. या पेशी म्हणजे गवंडी. पण गवंड्याला परांची हवी. सच्छिद्र जैवपदार्थ ही ती परांची. तिच्या छिद्रांतून पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात, हाड भरत जाते आणि परांची हळूहळू विरून जाते.

या कार्यात आपले पुणे मागे नाही. १९५० साली सुरू झालेल्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ व सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून अशा परांच्या घडविण्याचे संशोधन केले आहे. रेशीम बळकट असते आणि शरीर ते सहसा नाकारीत नाही.

येथेच आपल्या समाजापुढे प्रश्न उभा राहतो. अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीवासह कोश उकळतात, हे कापडबाजारात सर्वश्रुत आहे. मात्र परांचीसाठी रेशीम विरघळवूनच घ्यावयाचे असते. तेथे अखंड धाग्याची आवश्यकता नाही. मग पतंग उडून गेल्यानंतरच्या फुटक्या कोशांतून हे प्रथिन का घेऊ नये, असा विनम्र प्रश्न समाजाने शास्त्रज्ञांना अवश्य विचारावा. दंतवैद्यकात वापरली जाणारी काही हाडाची भुकटी गाईबैलांच्या हाडांपासून बनते, हेही अनेकांना ठाऊक नसते. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट व बायोग्लास हे त्याला पर्याय आहेत. रुग्णाच्याच मज्जेतील पेशी घेताना तर कोणाचाही जीव जात नाही.

मात्र जाहिरातींना भुलू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेला मूळपेशींचा उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: हा पदार्थ कशापासून बनला? यास मान्यता आहे काय? उत्तर समाधानकारक नसेल तर पर्याय मागावा; परंतु पर्यायच नसेल, तर केवळ संकोचापोटी रुग्णाची वेदना लांबवू नये. रुग्ण हाही जीवच आहे आणि त्याच्यावरील करुणा हाही अहिंसेचाच भाग आहे.

जय जिनेंद्र.